बोक्याच्या फोटोभोवतीची काळी चौकट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघे ऐकत नाहीत). तुझा रक्तदाब आणि भाऊजींचा खोकला दोन्ही आवाक्यात असतील अशी आशा. माझं विचारशील, तर मला दरदरून घाम फुटलाय.

आमच्या वर्गाचं चाळीस वर्षांनी संमेलन ठरलं आणि जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली म्हणून परिचय-पुस्तिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकेकाची माहिती वाचून मी चाटच पडलो. कायम पहिली येणारी आता क्रेन चालवते आणि उरलेल्या वेळात जुळी नातवंडं सांभाळते. दरवर्षी गटांगळ्या खाणारा न्यायाधीश झालाय (घरी मात्र त्याचं कुणी ऐकत नाही, असं त्याच्या बायकोनेच रकान्यात लिहून पाठवलं). एकाने तीन लग्नं केली आणि 'व्यवसाय' या रकान्यात तेवढंच लिहिलं. मागच्या बाकावर झोपा काढणारा बोका डोळ्यांचा सर्जन झाला, आणि तिथेच माझं घोडं पेंड खातंय. त्याचं पान लावताना मी आदल्या पानाचा साचा जसाच्या तसा उचलला. आदलं पान होतं आमच्या वारलेल्या कप्तानाचं. त्याची जाड काळी चौकट बोक्याच्या फोटोभोवती बसली आणि खाली मजकूर : 'पत्नी दंतवैद्य, दोन मुली, रोज सकाळी पोहतो.' तीनदा तपासलं गं! पण डोळ्यांत मोतीबिंदू, सगळंच धुरकट दिसतं. साठ प्रती टपालात पडल्यावर न्यायाधीशाचा फोन आला, "अरे, बोका वारला कधी? आणि वारल्यावर पोहतो कसा?"

येत्या गुरुवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आणि करणार बोकाच. मी फोनवर माफी मागितली, तर त्याने शांतपणे उपाशीपोटी यायला सांगितलं. चार शिव्या घातल्या असत्या, तर जिवात जीव आला असता. सध्या मी हातपाय गाळून बसलोय.

तुझा,
धाकटा

ता. क. : आत्ताच बोक्याच्या बायकोचा फोन येऊन गेला. त्याने ते पान दवाखान्याच्या भिंतीवर लावलंय आणि खाली लिहिलंय, 'इतकं दिसेनासं होईपर्यंत थांबू नका.' म्हणजे तो खूश आहे.

आणखी एक : तरीही माझी धडधड थांबलेली नाही. दवाखान्याच्या फॉर्मवर 'सोबत कोण येणार' असं विचारलंय. साठ जणांचे भरलेले संसार तपासले, आणि तुझी भावजय गेल्यापासून मला स्वतःसाठी एक नाव सुचेना. शेवटी न विचारता तुझं लिहून दिलं. एकट्याने जायची भीती वाटते, ताई. सकाळी आठला ये.