खंडेनवमीला पूजलेला सुपरचार्जर

अण्णा, आपल्या गाडीला सुपरचार्जर बसवायचा की नाही, हे मला ठरवता येत नाहीये. तुमच्यासमोर उभं राहून विचारलं असतं, तर तुम्ही आधी चहा टाकायला सांगितला असता, मग चष्मा पुसला असता आणि शेवटी मलाच उलट विचारलं असतं, "तुझं काय म्हणणं हाय?" माझं म्हणणं काय आहे, तेच तर सापडत नाही. सकाळी आंघोळ करताना वाटतं, बसवून टाकावा. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत अडकलो की वाटतं, नको ती भानगड. संध्याकाळी काळेवाडीत घरी पोचेपर्यंत मी दोन्ही बाजूंनी वाद घालून दमलेला असतो आणि बायको म्हणते, आज कंपनीत लाइन बंद पडली होती का? म्हणून शेवटी लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडीच्या बाबतीत विचारायला दुसरं माणूस मला अजून मिळालेलं नाही.

सुपरचार्जर म्हणजे तुम्ही ज्याला ब्लोअर म्हणायचात तोच. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. गाडी तीच आहे, लष्कराच्या लिलावातून घेतलेली, सहा सिलिंडरची, चारही चाकांना जोर देणारी एक टनी. रिटायर झाल्यावर मोशीच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही ती नट-नट जुळवून उभी केलीत. आता ती रस्त्यावर येत नाही. ट्रेलरवर चढवून मावळात नेतो आणि तिथल्या डोंगरात चिखल-दगडांच्या स्पर्धा होतात त्यांत धाकटी ती चालवते. हो, आपली धाकटी. मी फक्त गाडी सांभाळतो. तिथे एक चढ आहे, लाल मातीचा, वर जाता जाता डावीकडे कलणारा. दरवेळी त्याच्या मध्यावर इंजिनाचा दम जातो आणि तिला रिव्हर्समध्ये खाली यावं लागतं. खाली आली की हेल्मेट काढते, पाणी पिते आणि माझ्याकडे बघत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा तिने भोसरीच्या एका गॅरेजवाल्याकडून हा सुपरचार्जर आणला, कुठल्याशा ठोकलेल्या परदेशी गाडीचा. खोकं शेडमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "दादा, बसव." मी म्हटलं, "बघू." माझ्या 'बघू'चा अर्थ तिला लहानपणापासून माहीत आहे. तिने वाद घातला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खंडेनवमीला मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो. आपल्याकडे अजून तुमच्यासारखीच पूजा होते. तुमचे पाने रॉकेलने धुऊन, पुसून वर्तमानपत्रावर मांडायचे, प्रत्येकाला कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल, आणि त्या दिवशी कुणी पान्याला हात लावायचा नाही. बघतो तर पान्यांच्या मधोमध तो सुपरचार्जर बसलेला. अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात हार. आईने त्याला हळदही लावली होती. तिला तो विहिरीवरचा पंप वाटला. धाकटी शेजारी हात जोडून उभी, चेहरा असा की जणू सत्यनारायणाला आली आहे.

"हे काय आहे? हे आपलं नाही अजून. परत द्यायचंय."

"पूजा झाली, दादा. आता दे परत."

आरतीच्या मध्येच आमची जुंपली. आई टाळ्या वाजवता वाजवता दोघांकडे डोळे वटारत होती. दसरा झाल्यावर मी खरंच त्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "नाय हो भाऊ, पूजा केलेली वस्तू मी परत नाय घेणार. धंद्याचं ठिकाण आहे माझं, उगाच काय झालं म्हणजे?" म्हणजे आता ती वस्तू धड आपलीही नाही आणि परतही जात नाही. शेडचे मालक आजोबा रोज विचारतात. त्यांची नातवंडं त्या खोक्यावर उड्या मारतात. परवा म्हणाले, "बसवायचं तर बसवा, न्हाईतर नका बसवू. आमी काय बोलणार? पण कुंकू लावल्यालं हाय, पोरांचं पाय लागत्यात त्याला. त्येवढं उचला." मी व्हय म्हटलं आणि खोकं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवलं.

खरी अडचण खोक्याची नाही. सुपरचार्जर बसवायचा तर आधी इंजिनाचं हेड उघडावं लागेल, कारण हेडखालचा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जुनं आहे. एवढ्या हवेच्या दाबाने ते पहिल्याच चढाला फुटेल. आणि हेडच्या प्रत्येक बोल्टवर तुमची रेघ आहे. कंपनीतली तुमची सवय. बोल्ट मापाने आवळला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक पांढरी रेघ ओढायची. रेघ सरळ असली तर बोल्ट जागेवर आहे, मोडलेली दिसली तर कुणीतरी हात लावला आहे. तुम्ही ती सवय घरी आणलीत. स्वयंपाकघरातल्या पंख्याला रेघ, कुकरच्या दांड्याच्या स्क्रूला रेघ, माझ्या सायकलच्या चाकाला रेघ. शाळेत पोरं विचारायची, हे काय रे, आणि मी ऐटीत सांगायचो, आमच्या अण्णांनी पास केलंय. गाडीचं इंजिन जुळवून बंद करताना पांढरा रंग संपला, तेव्हा तुम्ही आत जाऊन आईची नेलपॉलिश घेऊन आलात. मावशीच्या लग्नासाठी आणलेली, लालभडक, तिने एकदाच लावलेली. त्यानंतर आपलं इंजिन कुणी उघडलं नाही. मीही नाही. बाकी सगळी गाडी मी किती वेळा खोलली असेल, पण त्या लाल रेघांपर्यंत आलो की तुम्ही मागे येऊन उभे राहता. खोकता, चष्मा वर करता, आणि मी कापडाने हेड पुसून बॉनेट लावून टाकतो. आईला सांगितलं तर म्हणते, "मला काय विचारतोस? माझी नेलपॉलिश गेली ती गेलीच."

तुम्ही काय म्हणाला असतात, याचा विचार करायला गेलं की मी अजूनच गोंधळतो. एकदा मी, नुकताच डिप्लोमा झालेला, वॉटर पंपाचा बोल्ट मापाने आवळून वर अजून थोडा आवळला, पक्का बसावा म्हणून. तो माझ्या हातात तुटला. तुम्ही ओरडला नाहीत. तुटलेलं डोकं माझ्या तळहातावर ठेवलंत आणि म्हणालात, "कशाला एवढं आवळायलास? बोल्ट हाय तो, वैरी न्हाई तुझा. जास्ती लावलं म्हंजे मजबूत होत न्हाई." मला इतकं लागलं ते बोलणं की मी दोन दिवस तुमच्याशी नीट बोललो नाही. त्या दिवसावरून बघितलं तर तुम्ही सुपरचार्जरला साफ नाही म्हणाला असतात. इंजिनाला जेवढी हवा पचते तेवढीच द्यावी, एवढंच बोलून चहा प्यायला गेला असतात.

पण मग दुसरा दिवस आठवतो. वडगावच्या पुढे, गाडी नवीन नवीन तयार झाली तेव्हा, तुम्ही मला ती एका खडकाळ चढावर घालायला लावलंत. मी चालवतोय, तुम्ही शेजारी. निम्म्यात चाकं घसरायला लागली, मी पाय काढला, आणि माझे अण्णा, जे रिक्षावाल्यालाही हळू जा म्हणायचे, ते डॅशबोर्डवर थापा मारायला लागले. "दाब! दाब की! लई दम हाय तिच्यात, घाबरतोस काय!" वर पोचलो तेव्हा तुम्ही हसत होतात. दात नसलेली बाजू दिसेल इतकं मी तुम्हाला कधी हसताना बघितलं नव्हतं. आता सांगा, यातल्या कुठल्या अण्णांचं ऐकू? कंपनीतल्या की चढावरच्या?

धाकटीला हा प्रश्न पडत नाही. तिला तुम्ही कधी काही शिकवलंच नाहीत. मला पाने ओळखायला लावायचात तेव्हा ती दारात बसून बघायची. तिचं लग्न मोडून ती घरी आली, आणि महिनाभर कुणाशी बोलली नाही, तेव्हाचं मला आठवतं. रात्रीचं जेवण चाललंय, स्वयंपाकघरात आपण चौघं, आणि तुम्ही भाकरी मोडता मोडता गाडीची चावी तिच्या ताटाशेजारी ठेवता. "पोरी, बॅटरी उतरायली तिची. रोज कुणीतरी चालवाय पाहिजे." एवढंच. ती चावी बघत राहिली. आई मुद्दाम उठून पाणी आणायला गेली. दुसऱ्या दिवशी ती मोशीला गेली आणि मग रोज जात राहिली. आज ती महाळुंग्यात एका गोदामाचं डिस्पॅच बघते, तीस-चाळीस ड्रायव्हर तिला मॅडम म्हणतात. पण ती परत माणसांत आली ती त्या चावीमुळे. चावी तुम्ही तिला दिलीत आणि पान्यांची पेटी मला.

म्हणूनच तिचं परवाचं बोलणं मला जास्त लागलं. शेडमध्ये मी रेडिएटर बघत होतो, ती खोक्यावर बसली होती. म्हणाली, "दादा, एक विचारू? तू इंजिन वाचवतोयस की मला?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"खोटं. मला वाचवायचं असतं तर गाडीच चालवू दिली नसतीस. ही गाडी अजून अण्णांचीच आहे. तू तिची राखण करतोस आणि मी पाहुण्यासारखी चालवते." मग खोक्यावरून उठत म्हणाली, "मोशीतले ते दुसऱ्या टीमवाले विचारतायत, आमच्याकडून चालवशील का म्हणून. त्यांची गाडी तयार आहे, चालवणारं कुणी नाही. रविवारी सांगते म्हटलंय मी त्यांना."

ती रागावून बोलली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. मला खूप गोष्टींची भीती वाटते, अण्णा. इंजिन फुटेल याची वाटते. ताकद वाढली आणि त्या डाव्या कलावर गाडी उलटली तर काय, याची वाटते. आणि सगळ्यांत जास्त वाटते ती याची, की ती दुसऱ्याच्या गाडीत बसून तो चढ वर चढून जाईल आणि मी खाली आपल्या गाडीशेजारी कापड घेऊन उभा असेन. गाडीपाशी जाणारा रविवार सोडला तर आम्हा भावंडांकडे एकमेकांशी बोलायला आहे काय? घरी भेटलो की आईची औषधं आणि पाण्याची वेळ, एवढंच बोलणं होतं.

कंपनीत कुणाला विचारावं तर आमच्या लाइनवर आता इंजिनच येत नाही. बॅटरीच्या रिक्षा आहेत. बोल्ट आवळायचं यंत्र माप आलं की आपोआप थांबतं, पिवळा दिवा हिरवा होतो, रेघ ओढायचं काम नाही. पोरं चांगली आहेत. सुपरचार्जर म्हटल्यावर त्यांनी मोबाइलवर मला आवाजच ऐकवले, कसला भारी वाटतो सर, बसवाच. मी हसलो. आवाज खरंच भारी होता, मलाही आवडला, आणि आवडला म्हणून पुन्हा अपराध्यासारखं वाटलं.

आज रविवार. मी सकाळीच शेडवर गेलो, ती यायच्या आत. काही ठरवून गेलो नव्हतो. गंज किती धरलाय, बोल्ट निघेल तरी का, एवढंच बघायचं, असं स्वतःला सांगितलं. पहिल्या बोल्टच्या बुडाशी तेल सोडलं, तुमचा लांब दांड्याचा पाना लावला आणि वजन टाकलं. तो टक् असा आवाज करून सुटला. लाल रेघ मधोमध मोडली. एक बोल्ट सैल केला की बाकीचे तसेच ठेवता येत नाहीत, सगळे पुन्हा करावे लागतात, हे मला माहीत आहे. म्हणजे इंजिन आता उघडलं म्हणायचं. पण उघडून ब्लोअर बसवायचा, की गॅस्केट बदलून पुन्हा होतं तसं बंद करायचं, ते अजूनही माझं ठरलेलं नाही. गेटशी तिच्या स्कूटरचा आवाज आलाय. ती बॉनेट उघडं बघेल आणि मला काहीतरी बोलावं लागेल. हा कागद घडी करून मी खिशात टाकणार आहे. तो तुमच्यापर्यंत जायचा नाही, आणि तिला दाखवण्यासारखाही नाही.

दाखवण्यासारखा नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगू शकत नाही. इतकी वर्षं मी त्या बोल्टांना हात लावला नाही तो तुमच्यासाठी, असं मी तिला आणि सगळ्यांना सांगत आलो. आज पान्यावर वजन टाकलं तेव्हा बोल्टचा आटा खराब होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्या मागे कुणी उभं नव्हतं. तुमची आठवणसुद्धा आली नाही, अण्णा.