तिसरा नंबर

कोऱ्हाळे बुद्रुक, ९ मार्च १९५७

चिरंजीव महिपती यास थोरला भाऊ गेणबा याचा आशीर्वाद.

माझ्या घशाच्या तळाशी कर्करोग आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी त्यास तिसरा नंबर दिला. गुळात तिसरा नंबर म्हणजे हलकी प्रत, ते आठवून मी म्हणालो, "म्हंजी हलका माल, व्हय?"

"आबा, इथं चौथा सर्वांत वाईट. गाठीनं एक स्वरतंतू अडवलाय, पण रोग मानेत उतरलेला नाही. स्वरयंत्र काढलं तर वाचाल."

मी होकार दिला. पुढल्या सोमवारी मुंबईस ऑपरेशन आहे; त्यानंतर मला आवाज राहणार नाही.

तुझा ऊस गेला त्या साली तुझ्या पाळीचे पाटाचे पाणी मीच माझ्या रानात वळवले. त्यानेच तो वाळला आणि तू शेती सोडून वालचंदनगरला कामास लागलास. हे कागदावर कबूल करणे मला शोभत नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही; उद्या तुझ्या क्वार्टरवर येऊन तोंडाने सांगेन.

गेणबा