दरबाराबाहेरची आमदार

…आणि शेवटी शानबोरही आत गेला, काँग. बंदूक गाडीत ठेवली, गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून गेला. (आमदाराचा अंगरक्षक असा वागतो हे शिलाँगमध्ये कोणाला सांगू नकोस.) आता मला गाडीतही बसता येत नाही. शाळेच्या कुंपणाच्या दगडावर बसून लिहिते आहे.

तुझा गुडघा कसा आहे? चेन्नईचा उकाडा सोसतो का? काँगला, थोरल्या बहिणीला, आधी हे विचारायचं असतं, पण अंगरक्षक निघून गेला की क्रम चुकतो. मी बरी आहे.

आत गावचा दरबार भरला आहे. दवाखान्याला जागा द्यायची की नाही, ते ठरतंय. मंजुरी मी आणली, नकाशा मी आणला. पण तिसऱ्यांदा आमदार झाले तरी मी बाईच राहिले आणि आपल्या दरबारात बायका बसत नाहीत. आपल्या घरातर्फे मामा बसला आहे. शानबोर आणि ड्रायव्हर लाम्बोक याच गावचे, म्हणून तेही आत. सकाळी शानबोरला म्हटलं, "माझ्या बाजूने बोल हं." तो म्हणाला, "मॅडम, गाडीत मी तुमचा माणूस. आत मी माझ्या आईच्या घरचा." (त्या जागेवर त्याचे भाचे फुटबॉल खेळतात.)

मामाला मी तीन वाक्यं पाठ करून दिली होती. तो अर्धा तास स्वतःच्या डुकराच्या आजारपणावर बोलला. इथे सगळं ऐकू येतं. मग कोणीतरी ओरडलं, "शेजारच्या गावच्या दवाखान्यात बटाटे भरलेत! इथे नर्स कोण राहणार, तुमचं डुक्कर?" सगळे हसले. मामा खाकरला आणि म्हणाला, "आमची थोरली भाची येईल. बत्तीस वर्षं सुया टोचतेय. मार्चमध्ये निवृत्त होतेय." मी दगडावरून उठून उभी राहिले. मामाने दरबारात दिलेला शब्द घराला पाळावा लागतो, हे मी तुला काय सांगू.

आपल्या रीतीप्रमाणे धाकटी म्हणून घर मला मिळालं. तुम्हा तिघींना जायची मोकळीक मिळाली. परवा विधानसभेत दोन तास बोलले, विरोधकांनी बाकं बडवली. घरी आल्यावर कोणाशी बोलावं कळेना, म्हणून पाण्याची तक्रार केलेल्या एका माणसाला मीच फोन लावला. पाणी आलं का, जेवलात का, मुलं काय करतात, असं विचारत राहिले. तो इतका घाबरला की त्याने तक्रारच मागे घेतली.

आत हात वर करताहेत. थांबते.

तुझी धाकटी,
दारिलिन

ता. क. जागा मिळाली. शानबोर विरोधात होता. आता गाडीचं दार उघडून "बसा मॅडम" म्हणतो आहे.

ता. क. मामावर रागावू नकोस. वाक्यं तीन नव्हती, चार होती. चौथं तुझ्याबद्दलचं. त्याला तेवढंच आठवलं.

ता. क. तुला आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी. गावप्रमुख जागा मोजायला आला होता. नर्सच्या खोलीत खाटा किती लागतील, त्याने विचारलं. मी दोन सांगितल्या. एक तुझी.