माठ सोडून घर

केज, बुधवार, दिवेलागण

घराला गिऱ्हाईक भुलावं म्हणून भाच्यानं बैठकीत स्वस्तातले दोन स्पीकर टांगले. घर बघायला आलेल्या धारूरच्या काकू म्हणाल्या, "गुरुजी, आवाज लई पातळ हाय."

मग वडिलांची युक्ती केली. एक स्पीकर काढून त्यांच्याच जुन्या माठाच्या तोंडावर ठेवला. घर घुमलं! त्यांचा रेडिओ असाच माठावर असायचा. आई भाकरी थापता थापता ऐकायची. संस्कृतच्या वर्गात मी जन्मभर घटाची उदाहरणं दिली, हे एक राहिलंच.

काकू खूश. "घर पक्कं. पर ह्यो माठ हितंच ऱ्हाऊ द्या."

घराला लगेच हो म्हणालो. माठाचं मात्र... जन्मभर पोरांना खरं बोला म्हणालो. उद्या काकूंना कळवणार, माठ फुटला.