टॉवरच्या दारातल्या चपला

ता. ४, मंगळवार

चि. थोरलीस,
आईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी टिटवी आजोळी मजेत आहे. सुट्टी तिला आणि दमणूक मला. दिवसभर तोंड मिटत नाही, नाव उगाच ठेवलेलं नाही.

बातमी अशी की येत्या रविवारी आम्ही सगळे टॉवर बघायला जाणार. तुझा भाऊ तिथे बारा वर्षं लिफ्ट मिस्त्री आहे, पण आईला वर न्यायला घुम्याला कधी सवड झाली नाही. आता साहेबानेच हुकूम काढलाय. गेल्या महिन्यात लिफ्ट मधेच अडकून वीस माणसं तासभर लोंबकळली, तेव्हापासून वरून शहर बघायला लोक फिरकत नाहीत. म्हणून पहिल्या फेरीला मिस्त्रीच्या घरचेच चढणार, फोटोवाला येणार. मिस्त्रीची म्हातारी चढली की कोणीही चढेल, असं साहेबाचं डोकं.

घुम्याचं मात्र काहीतरी बिनसलंय. घास हातात धरून बसतो. बायकोने विचारलं तर म्हणाला, दाढ दुखते. मी विचारलं कोणती, तर सांगता येईना. नवे बूट आणलेत, तेच पुसत बसतो. तुझ्यापाशी तो बोलतो, माझ्यापुढे नुसता खोकतो. काही लिहिलं असेल तर कळव.

अक्षर गोड मानून घे, चार इयत्तांत एवढंच आलं. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

आई

ता. ७, शुक्रवार

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. हे रविवारच्या आत पोचलं तर टॉवरला जाऊ नकोस आणि टिटवीला तर घराबाहेरसुद्धा सोडू नकोस. यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे, नाहीतर मीच धावत आले असते.

घुम्याने मला लिहिलं होतं, तुला न सांगायची शपथ घालून. शेवटच्या काही मजल्यांत लिफ्टला हिसका बसतो. दोर तपासायला ती आठ दिवस बंद ठेवायला हवी. साहेब म्हणाले, सगळं ठीक आहे अशी सही कर, नाहीतर दुसरा मिस्त्री बघतो. आई, त्याने सही केली. लिहितो, कदाचित मला भास झाला असेल. बाबा मिस्त्री होते तेव्हा बूट काढून लिफ्टमध्ये उभे राहायचे, थरथर तळव्याला आधी कळते म्हणायचे. यालाही तेच शिकवलं. आणि हा लिहितो की पंधरा दिवस मी बूट काढलेच नाहीत.

मला वाटलं होतं, घरच्यांना नेतोय म्हणजे खात्री केली असेल. तुझं दाढेचं वाचलं आणि तशीच लिहायला बसले. मी आधीच कळवायला हवं होतं. माझ्यावर राग धर, पण उलट टपाली चार ओळी लिही.

तुझी थोरली

ता. ११, मंगळवार

चि. थोरलीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आज आलं. आम्ही रविवारीच जाऊन आलो. टिटवी माझ्याशेजारी पेन्सिल चावत बसलीय, तेव्हा आधी श्वास घे.

साहेब कोट घालून उभा. दोरीपलीकडे शंभरेक माणसं बघत होती. घुम्या लिफ्टमध्ये शिरला तो बूट घालून. तुझ्या बापाच्या तळव्यांचं ग्रीस मी इतकी वर्षं घासून काढलंय. मला कळायला तुझं पत्र कशाला लागतं? ज्याला कळून घ्यायचं नाही, तोच बूट घालून उभा राहील.

मी चपला काढल्या आणि बरोब्बर दाराच्या फटीत ठेवल्या. दार यायचं, अडायचं, परत जायचं. साहेब म्हणाला, आजी, चपला घाला, इथे काढायची गरज नाही. मी म्हटलं, आमच्या घरात लिफ्टमध्ये कोणी पायताण घालत नाही, मुलाला विचारा. टिटवीने लगेच सँडल काढून शेजारी ठेवले. मग सूनबाईने, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बघत. फोटोवाला फिदीफिदी हसला. घुम्या त्या तीन जोडांकडे बघत राहिला. कॉलर घामाने चिंब. मग खाली बसून नाड्या सोडायला लागला. एक गाठ सुटेना, ती टिटवीने सोडली.

आम्हाला बाहेर काढून तो एकटा वर गेला. दारावर मजल्याचे आकडे दिसतात. चाळीसपर्यंत भराभर गेले. त्रेचाळीसला थांबले. सूनबाईने माझा दंड धरला, तो अजून निळा आहे. आकडा हलेना. तुझी लेक जन्मात पहिल्यांदा गप्प होती. मीही चपला हातात घेऊन उभी होते, कशाला ते ठाऊक नाही.

मग आकडे एकेक करून उतरले. दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक. त्याने साहेबाकडून कागद मागून घेतला आणि स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली. साहेब म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, मग तुम्ही चढा, तुमच्या आईलाही बोलवा, आम्ही खालून बघतो. दोरीपलीकडचे सगळे ऐकत होते. कोणी चढलं नाही. साहेबही नाही.

काल दुसऱ्या मिस्त्रीने दोर उघडून बघितला. निम्मे पीळ तुटलेले. हे तो स्वतः घरी येऊन सांगून गेला, मान खाली घालून. घुम्याला परत बोलावणं आलेलं नाही, येईल असं वाटतही नाही. पण काल त्याने दोनदा वाढून घेतलं. दाढेची चौकशी मी केली नाही.

रविवारी घराच्या दारात आलो तेव्हा दिसलं, तो सगळा रस्ता अनवाणी चालत आला होता. बूट तिथेच राहिले. सूनबाई म्हणाली, जाऊन आणते. मी म्हटलं, राहू देत.

लोभ कळवला नाहीस तरी चालेल. असलं काही असेल तर मात्र शपथ मोडून कळवत जा.

आई