कोरडी भिंत

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अप्पांचा छापखाना जोरात चालला आहे आणि अप्पा त्याहून जोरात. मोठे गिऱ्हाईक यायचे म्हणून त्यांनी आग विझवायच्या दोन्ही सिलिंडरांना स्वतः लाल रंग फासला. दाब दाखवणारी तबकडीसुद्धा सोडली नाही! मशीनमन म्हणाला, काटा दिसेना. तर म्हणे, सिलिंडर दिसतोय ना, झाले.

काटकसर तर विचारू नकोस. थिनरने रोलर पुसलेल्या चिंध्या छपाई मशीनच्या मोटारीच्या गरम झाकणावर वाळवून पुन्हा वापरतात. जेवण झाले की मशीनमागच्या कागदाच्या खोलीत ताणून देतात. तिथले मागचे दार रिमांच्या थप्पीआड गेले आहे. मला धडकी भरते, पण बोलायची सोय नाही.

लोभ असू दे, वर थोडे रागावलास तरी चालेल.
तुझी धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. मी कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो, असल्या चिंध्या पेटताना पाहिल्या आहेत. त्या चिंध्या झाकण असलेल्या लोखंडी डब्यात टाक आणि डबा बाहेर ठेव. सिलिंडर तपासायला माणूस बोलाव. पण सगळ्यात आधी ते दार मोकळे कर. मशीनपाशी आग लागली तर अप्पांना तेवढीच वाट आहे.

वाद घालू नकोस. मागच्या भिंतीला ओल आली आहे, कागद खराब होईल, असे सांग. स्वतःसाठी नाही, पण कागदासाठी ते पळत जातील.

उत्तर लगेच धाड, जीव टांगणीला लागला आहे.
तुझा दादा

२० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: अप्पा सुखरूप आहेत.

तुझी युक्ती लागू पडली. ओलीचे ऐकून अप्पांनी त्याच दिवशी थप्पी हलवली. चिंध्यांवरून मात्र माझ्यावर उखडले, त्या मोटारीवरच राहिल्या. सिलिंडर तपासणारा सोमवारी यायचा होता, आणि शनिवारी दुपारीच चिंध्या पेटल्या. पुढची वाट धुराने भरली, अप्पा आत झोपलेले. मशीनमनने सिलिंडर उचलला, पण रंगात चिकटून बसलेली पिन निघेना. दुसऱ्याचेही तेच. मी बाहेरून वळसा घालून मागच्या दाराशी पळाले, हाका मारून घसा बसला. कडी आतून निघाली आणि अप्पा खोकत बाहेर आले. त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले रे मी. शेजारच्या सुताराने स्वतःचा सिलिंडर आणून आग विझवली. मोटार गेली, माणसे राहिली.

ओलीची थाप मात्र त्यांना कधी कळू देऊ नकोस. अप्पाच टपाल टाकायला निघाले आहेत, पाकीट घट्ट चिकटवून देते.

आहे तसाच लोभ ठेव.
तुझी धाकटी

ता. क. चिरंजीव, पाकीट मी उघडले. भिंतीला त्याच दिवशी हात लावून पाहिला होता, खडखडीत कोरडी होती. धाकटी कधी खोटे बोलत नाही. ती बोलली, म्हणजे पोर खरेच घाबरली आहे, एवढे कळले. म्हणून दार मोकळे केले. यापुढे खरे सांगितलेत तरी ऐकेन.
अप्पा