तिसऱ्या मजल्यावरची सेवा

९ मार्च, रविवार

आजपासून सेवा सुरू. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, जे शेजारी घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना भेटा, त्यांचं हवं-नको बघा. हे सांगताना माझ्याकडे दोनदा बघितलं. एवढी मंडळी बसली होती, पण बघितलं माझ्याकडेच. माणसाची पारख लागते.

उपासनेनंतर बाजूला घेऊन म्हणाले, विश्रामभाऊ, तुमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर पुष्पलताबाई आहेत. अधूनमधून जाल का त्यांच्याकडे? मी म्हटलं, अधूनमधून कशाला, रोज जाईन की! पाळकसाहेब एकदम गप्प झाले. भरून आलं असावं.

संकल्प: रोज भेट. स्वतःबद्दल बोलायचं नाही. तिथे काही खायचं नाही. ईस्टरच्या उपासनेत मंडळीपुढे उभं राहून या सेवेची साक्ष द्यायची.

१० मार्च, सोमवार

पहिली भेट, एकदम सक्सेस. बाई शाळेत शिपाई होत्या. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. तेव्हापासून पलंग ते खुर्ची, खुर्ची ते पलंग. लिफ्ट नाही. भाचा हितेश एमआयडीसीत शिफ्टला जातो. अरेरे, दिवसभर एकट्या!

स्वतःबद्दल अजिबात बोललो नाही. मी सेफ्टी ऑफिसर असताना झालेल्या गॅसगळतीची हकिगत तेवढी सांगितली, पण ती कंपनीबद्दल होती. जेवायची वेळ झाली. बोंबलाचं कालवण होतं. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

निघताना बाई म्हणाल्या, तुमी रोज नका येऊ, तुमाला तरास. स्वतः अंथरुणावर, आणि काळजी माझी!

१५ मार्च, शनिवार

बाईंची सीरियल चालू होती. आजारी माणसाने असलं काही बघू नये. टीव्ही बंद करून बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचून दाखवलं. अंगभर गळवं होतात तो भाग सावकाश वाचला. बाईंनी डोळे मिटले. ध्यान लागलं असणार, कारण हाक मारली तरी ओ देईनात.

हे सांगायला सौ.ला फोन केला. सौ. हवापालटासाठी पालघरला हिमानीकडे, म्हणजे आमच्या मुलीकडे गेली आहे. तिसरं वर्ष. मध्ये एकच स्टेशन असलं तरी तिकडची हवा तिला मानवते. तिने विचारलं, ती बाई काही बोलते का? मी म्हटलं, फारसं नाही. बिचारी, म्हणाली. सौ.चा स्वभाव पहिल्यापासून कनवाळू.

२३ मार्च, रविवार

आज बाईंनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. ईस्टरला मला देवळात न्या म्हणाल्या. दोन वरसं झाली, भिंती बघून डोळे विटले. एकदा चार मानसांत बसते, गानी गाते, मंग मेली तरी चालंल. एवढं बोलल्या आणि रडायलाच लागल्या. माझा हात धरला.

मी शब्द दिला. आपला शब्द म्हणजे शब्द. साक्षीत हा प्रसंग घेणार, विशेषतः हात धरल्याचा.

२५ मार्च, मंगळवार

तळमजल्यावर कमलेश आणि त्याच्या रूमवरची मुलं राहतात. यूपीची, कंपनीत हेल्पर. हितेशने त्यांना विचारलं वाटतं. जिन्यात मला अडवून कमलेश म्हणाला, अंकल, चाची को कुर्सी पे बिठा के उतार देंगे, कौन सी बड़ी बात है.

झालं! वर्क परमिट नाही, रिस्क असेसमेंट नाही, कुर्सी पे बिठा के! अशानेच माणसं जायबंदी होतात. स्पष्ट सांगितलं, हे काम माझ्या सुपरव्हिजनखाली होईल.

२९ मार्च, शनिवार

जिन्याची पाहणी केली. हेल्मेट, टॉर्च, मेजर टेप. दुसऱ्या वळणावर तुळशीची कुंडी. कठडा हलतो (जोर लावून हलवल्यास). पहिल्या मजल्यावर चपलांचं स्टँड. तिन्ही हटवावेत अशी नोटीस लावली. संध्याकाळी कुणीतरी फाडली. कठडा कसा हटवायचा, असं त्यावर लिहून फाडली.

५ एप्रिल, शनिवार

मॉक ड्रिल. बाईंच्या जागी खुर्चीला तांदळाची गोण बांधली. कमलेश आणि मुलं दणादणा उतरून मोकळी. मी पुढे उलटा चालत शिट्टी वाजवत होतो, तो कुंडीवर बसलो. म्हणजे अपघात नोंदला गेला. नियमाप्रमाणे ड्रिल फेल. मुलं खिदळत होती. सेफ्टी कल्चर शून्य!

बाईंनी विचारलं, गोन खाली नीट पोचली ना? मंग माझं काय अडलंय? त्यांना टेक्निकल बाबी समजत नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार

पुष्कळ प्रार्थना करून निर्णय घेतला. बाईंना नेऊ नये. ऊन फार. जिना तसा. शिवाय 'जी बहीण देवळाचा उंबरठाही पाहू शकत नाही' हे साक्षीतलं पहिलं वाक्य आहे आणि ते माझं पाठ झालं आहे. अर्थात हा गौण मुद्दा.

कमलेशला सांगितलं, बाईच नको म्हणतायत. हे खोटं नाही. त्यांना जोखीम समजली असती तर त्या हेच म्हणाल्या असत्या. बाईंना सांगितलं, मुलांना ड्युटी लागली. बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी जेवणाच्या वेळेपर्यंत बसून धीर दिला. जेवण कुणी विचारलं नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

हितेशने दार अर्धंच उघडलं. आत्या झोपली म्हणाला. आत टीव्ही चालू. हरकत नाही. दारातच उभं राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी प्रार्थना केली, की प्रभू, तुझ्या या दासीला लवकर सोडव. आतून बाई ओरडल्या, आदी हा मानूस जाऊ दे! ताप चढला असावा.

२० एप्रिल, ईस्टर, पहाटे

सफारी घातला. साक्ष आरशासमोर म्हणून बघितली. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्याच दिवशी, दुपारी

पहिल्या बाकावर बसलो होतो. पाळकसाहेबांनी साक्ष कोण देणार म्हटल्याबरोबर उठलो. मंडळीकडे तोंड करून पहिलं वाक्य म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट! एवढ्या लवकर टाळ्या अपेक्षित नव्हत्या. मग दिसलं, सगळे दाराकडे बघतायत.

कमलेश आणि मुलं खुर्ची उचलून आत येत होती. खुर्चीत बाई, नवी साडी, केसांत गजरा. हेल्मेट नाही, बेल्ट नाही. खुर्ची अगदी माझ्या शेजारी आणून ठेवली.

बाई म्हणाल्या, मला बी साक्ष द्यायची हाय. सलाम मंडळी. माझे पाय गेले तवा वाटलं, आता आपल्या हातनं देवाची सेवा काय व्हायची? तर पाळकसायबांचा फोन आला. म्हनले, बाई, तुमच्या खाली विश्रामभाऊ हाय, बायको सोडून गेली, कोन त्याच्याशी बोलत नाय. त्याला जरा घरात येऊ द्याल का? मी हो म्हनले. तीच माझी सेवा. रोज सोसलं त्याला.

मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, पन त्यानं माझ्या नावानं या पोरांना खोटं सांगितलं. काल हितेशनं विचारलं, आत्या, नको का म्हनलीस, तवा कळलं. मी एकच दिवस मागितला होता, तो बी हा मानूस खाऊन टाकत होता. आता माझ्याच्यानं व्हत नाय. दुसऱ्या कोनी घ्या त्याला.

पाळकसाहेब उठले. म्हणाले, बंधुभगिनींनो, विश्रामभाऊंकडे जायला कोण तयार आहे? कुणी हात वर केला नाही. पुन्हा विचारलं. महिला मंडळाची दीपाली खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. तिसऱ्यांदा विचारलं आणि मग गीत घेतलं. बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर लागत होता. मी उभाच होतो. गीताला सगळेच उभे राहिले, त्यामुळे बरं दिसलं.

२२ एप्रिल, मंगळवार

शांतपणे विचार केला. एवढी मोठी जबाबदारी लोक एकदम कशी घेतील? विचार करायला वेळ लागतो. सौ. हवापालटासाठी गेली आहे, हे मात्र पाळकसाहेबांना क्लिअर करायला हवं. त्यासाठी सौ.ला फोन केला. उचलला नाही. मेसेज आला, आता तरी कळलं का? काय ते विचारलं, तर उत्तर नाही. रेंज गेली असेल.

घर आवरून ठेवलं. कुणी आलं तर.

२५ एप्रिल, शुक्रवार

पाळकसाहेबांचा फोन! महिला मंडळाने चिठ्ठ्या टाकल्या. दीपालीचं नाव निघालं. फोनमध्ये मागे कुणीतरी रडत होतं आणि बाकीच्या समजूत घालत होत्या. आनंदाश्रू.

संकल्प: तिला भरपूर बोलू द्यायचं. गॅसगळती दुसऱ्या भेटीत.

२७ एप्रिल, रविवार, संध्याकाळ

दीपाली आली. चप्पल काढली नाही, घाईत विसरली असेल. खुर्चीच्या कडेला बसली, मोबाइल मांडीवर. चहा नको म्हणाली. बिस्किटं नको म्हणाली. मग भिंतीकडे बघत विचारलं, कसे आहात?

किती दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बरा आहे म्हटलं. मग म्हटलं, म्हणजे दीपाली, खरं सांगायचं तर रात्री घरात...

तिच्या मोबाइलचा अलार्म वाजला. ती उठली, झाली वेळ म्हणाली आणि गेली. मी वाक्याच्या मध्ये होतो.